न्यूटनचा नियम कळत नाही म्हणून पेपरने टिंगल केली, चूक मान्य करायला ४९ वर्षं लागली

१६ जुलै १९६९. अपोलो ११ घेऊन सॅटर्न फाइव्ह हे अजस्र रॉकेट फ्लोरिडातून उडालं आणि तीन माणसं चंद्राच्या वाटेला लागली. दुसऱ्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये सगळीकडे त्याच बातम्या होत्या. त्या गर्दीत एक छोटीशी दुरुस्तीही छापून आली होती.

पेपरमध्ये दुरुस्त्या तशा नेहमीच येतात. कुणाचं नाव चुकतं, कुणाचं वय चुकतं. पण ही दुरुस्ती ४९ वर्षांपूर्वीच्या मजकुराची होती. जानेवारी १९२० मध्ये याच पेपरने संपादकीय पानावर ठासून लिहिलं होतं की हवेच्या बाहेर, पोकळीत रॉकेट चालूच शकत नाही. आता चंद्राकडे निघालेलं रॉकेट अख्ख्या जगाने पाहिल्यावर पेपरने कबूल केलं की चालतं, आणि झालेल्या चुकीबद्दल खेदही व्यक्त केला.

ज्या माणसाची त्या मजकुरात खिल्ली उडवली होती, तो ही दुरुस्ती वाचायला हयात नव्हता. त्याला जाऊन २४ वर्षं होत आली होती.

त्याचं नाव रॉबर्ट हचिंग्ज गोडार्ड. द्रव इंधनावर उडणारं जगातलं पहिलं रॉकेट या माणसाने बनवलं. आज जगभरातली मोठी रॉकेट्स ज्या तत्त्वांवर उडतात, त्यातली बरीच तत्त्वं त्याने वहीत मांडली, प्रयोगशाळेत तपासली आणि पेटंटमध्ये नोंदवून ठेवली. पण त्याच्या हयातीत फार थोड्या लोकांनी त्याला गंभीरपणे घेतलं. यात दोष टिंगल करणाऱ्यांचा होता, तसा थोडा त्याचा स्वतःचाही होता.

चेरीच्या झाडावरची दुपार

गोडार्डचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ चा. गाव वुस्टर, राज्य मॅसॅच्युसेट्स. वडिलांना यंत्रांची आणि नव्या शोधांची हौस होती. त्यांनी पोराला दुर्बीण दिली, सूक्ष्मदर्शक दिला, सायंटिफिक अमेरिकन हे मासिक घरी सुरू केलं.

तब्येत मात्र पहिल्यापासून नाजूक. सारखी आजारपणं चालू असायची, त्यामुळे शाळेत तो बरोबरीच्या मुलांच्या मागे पडला. आईला क्षयरोग झाला. घरात बसून काढलेल्या दिवसांत पुस्तकं हीच त्याची सोबत होती.

१८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी, द वॉर ऑफ द वर्ल्ड्स, त्याच्या हाती पडली आणि पोरगा त्या कल्पनेने झपाटून गेला.

१९ ऑक्टोबर १८९९ ला, वयाच्या १७ व्या वर्षी, घरामागच्या चेरीच्या झाडाच्या वाळक्या फांद्या तोडायला तो वर चढला. वर बसल्याबसल्या त्याच्या मनात आलं, की मंगळापर्यंत जाऊ शकेल असं एखादं यंत्र बनवता आलं तर? त्या दुपारी तो झाडावरून उतरला तेव्हा आयुष्यात काय करायचं हे त्याचं ठरलं होतं.

एखाद्या पोराची दिवास्वप्नं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण गोडार्डने ती तारीख कधीच सोडली नाही. पुढे आयुष्यभर १९ ऑक्टोबर हा दिवस तो वर्धापनदिन म्हणून डायरीत नोंदवत राहिला. १९३८ च्या चक्रीवादळात ते झाड उन्मळून पडलं, तर त्याचीही नोंद त्याने केली.

न्यूटनला हरवायला निघालेला पोरगा

त्या दुपारी त्याच्या डोक्यात आलेलं यंत्र रॉकेट नव्हतं. गुरुत्वाकर्षणाला चकवून वर उचललं जाईल असं काहीतरी त्याला हवं होतं. कल्पना साधारण अशी होती: एका आडव्या दांड्याभोवती जड वजन गरागरा फिरवायचं. वरच्या बाजूला ते वेगात जाईल आणि खालच्या बाजूला हळू, अशी व्यवस्था करायची. फिरणारं वजन बाहेरच्या दिशेला ओढतं. मग वरच्या बाजूला वेग जास्त असेल तर वरचा ओढा जास्त पडेल आणि यंत्र आपोआप वर जाईल.

ऐकायला पटतं ना? अजूनही अशी यंत्रं बनवल्याचे दावे करणारी माणसं अधूनमधून निघतात. पण यात एक गोम आहे. वजनाचा वेग वाढवायला आणि कमी करायला जोर लावावा लागतो, आणि त्या प्रत्येक जोराचा उलटा धक्का यंत्रालाच बसतो. एक फेरी पूर्ण झाली की सगळे धक्के मिळून हिशेब शून्यावर येतो.

गोडार्डने मॉडेल बनवून पाहिली. एकही उडालं नाही. तेव्हा त्याला वाटलं, न्यूटनचे नियमच कदाचित अपुरे असतील. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक क्रियेला तितकीच आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. मग त्याने हा नियमच तपासायला घेतला. काही उपकरणं रबरी पट्ट्यांना टांगली, काही तरंगत्या फळ्यांवर ठेवून गोठ्यामागच्या ओढ्यात सोडली. उत्तर दर वेळी एकच आलं. न्यूटन बरोबर होता.

हा ओढ्यातला प्रयोग लक्षात ठेवा. कारण पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या पेपरपैकी एक पेपर जाहीरपणे लिहिणार होता की या माणसाला न्यूटनचा तिसरा नियम माहीत नाही.

डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे

गोडार्डने वुस्टरमधूनच १९०८ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग क्लार्क विद्यापीठातून १९११ मध्ये पीएचडी केली. पुढच्या वर्षी संशोधनासाठी ते प्रिन्स्टनला गेले. दिवसा विद्युतचुंबकीय प्रयोग करायचे आणि रात्री रॉकेटचं गणित मांडत बसायचे.

या गणिताने त्यांना मोठा धीर दिला. इंधनाचा वायू पुरेशा वेगाने मागे फेकता आला, तर अगदी आटोक्यातल्या वजनाचं रॉकेटही वातावरणाबाहेर जाऊ शकतं हे त्यांना आकड्यांत दिसलं. रशियात कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की या शाळामास्तरांनी १९०३ मध्येच असं गणित प्रसिद्ध केलं होतं, पण गोडार्डना त्याचा पत्ता नव्हता.

आणि १९१३ मध्ये शरीराने दगा दिला. आईचाच आजार, क्षय, आणि तोही दोन्ही फुफ्फुसांत. डॉक्टरांनी फक्त दोन आठवड्यांची मुदत सांगितली.

घरी अंथरुणावर पडून गोडार्डनी काय केलं असेल? पेटंटचे अर्ज तयार केले. आपण गेलो तर कल्पना आपल्यासोबत जायला नकोत, एवढाच विचार. पण ते मेले नाहीत. हळूहळू सावरले, आणि जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. त्यातलं एक द्रव इंधनाच्या रॉकेटचं होतं. दुसरं टप्प्याटप्प्यांच्या रॉकेटचं, म्हणजे इंधन संपलं की रिकामा भाग गळून पडतो आणि उरलेलं हलकं रॉकेट पुढे जातं.

२०२३ मध्ये चांद्रयान-३ ला अवकाशात नेणाऱ्या आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या थेट प्रक्षेपणात एकेक भाग सुटून मागे पडताना अनेकांनी पाहिला असेल. त्यामागचं तत्त्व हेच.

पोकळीत रॉकेट ढकलतं कुणाला?

दिवाळीतला बाण आठवा. बाटलीत उभा केला, वात पेटवली की सूं करून वर जातो. बहुतेकांना वाटतं, मागून निघणारा धूर हवेला ढकलतो म्हणून बाण पुढे जातो. मग हवाच नसेल तर ढकलणार कुणाला?

खरं असं की बाणाला हवेची गरजच नसते. आतली दारू जळून गरम वायू होतो आणि बाण तो मागे फेकतो. वायू मागे जाताना बाणाला पुढे धक्का देतो. धक्का मिळतो तो या फेकण्यातूनच. बंदूक झाडली की खांद्याला झटका बसतो, तो गोळी भिंतीवर आदळल्यामुळे बसत नाही. गोळी नळीतून सुटतानाच बसतो. तसंच हे. उलट बाहेरची हवा रॉकेटच्या वाटेतला अडथळाच असते.

गोडार्डनी हे नुसतं कागदावर ठेवलं नाही. क्लार्क विद्यापीठात शिकवत असताना, १९१५ च्या सुमारास, त्यांनी नळ्यांमधली हवा काढून घेतली आणि त्या पोकळीत छोटी रॉकेट पेटवून त्यांचा धक्का मोजला. पोकळीत रॉकेट नुसतं चालत नव्हतं, हवेपेक्षा जास्त चांगलं चालत होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती नळीच्या तोंडाची. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी एक खास तोंड बनवलं होतं. ते मध्ये अरुंद होतं आणि पुढे पसरट. त्यातून जाताना वायूचा वेग ध्वनीपेक्षा कितीतरी पट वाढतो. गोडार्डनी हे तोंड रॉकेटला लावलं. तोवरच्या दारूच्या रॉकेटमध्ये इंधनातली जेमतेम दोन टक्के ऊर्जा कामाला येत होती. गोडार्डनी ती ६३ टक्क्यांपर्यंत नेली.

याच काळात विजेने भारित कणांचा झोत मागे फेकून यान ढकलण्याच्या कल्पनेवरही त्यांनी काम केलं, आणि १९२० मध्ये अशा झोताच्या उपकरणाचं पेटंट मिळवलं. आज आयन इंजिन म्हणून ओळखलं जाणारं तंत्र याच विचाराच्या वाटेवरचं आहे.

प्रयोगांचा खर्च मात्र पगारातून भागेना. त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं, आणि १९१७ च्या सुरुवातीला संस्थेने त्यांना ५,००० डॉलर मंजूर केले. मग अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि गोडार्डनी सैन्यासाठी नळीतून सोडायचं हलकं रॉकेट बनवलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये अॅबर्डीनच्या चाचणी मैदानावर त्यांनी ते सैन्याला दाखवलं. नळी टेकवायला आधार म्हणून वापरलं होतं वादकांचं नोटेशन ठेवायचं स्टँड. प्रात्यक्षिक उत्तम झालं, पण काही दिवसांतच युद्ध थांबलं आणि विषय बाजूला पडला. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे फोडणारी बझूका आली, तिचं मूळ याच नळीत होतं.

एका परिच्छेदाने केलेला घात

एव्हाना गोडार्डनी एवढ्या वर्षांचं काम एका अहवालात मांडलं होतं. नाव साधं, अतिशय उंच पोहोचण्याची एक पद्धत अशा अर्थाचं. ६९ पानं, त्यात समीकरणं, तक्ते, प्रयोगांचे आकडे. वातावरणाच्या वरच्या थरात उपकरणं पाठवायची, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

शेवटी शेवटी त्यांनी एक शक्यता मांडली होती. पृथ्वीच्या ओढीतून रॉकेट सुटलं हे सिद्ध कसं करायचं? तर रॉकेटमधून लखलखाट करणारी पावडर न्यायची आणि ती चंद्राच्या अंधाऱ्या भागावर आदळून पेटू द्यायची. पृथ्वीवरून मोठ्या दुर्बिणीतून ती चमक दिसेल. किती पावडर लागेल, याचाही हिशेब त्यांनी दिला होता.

अहवालावर वर्ष १९१९ चं असलं तरी पेपरवाल्यांपर्यंत तो पोहोचला जानेवारी १९२० मध्ये, आणि पेपरवाल्यांनी नेमकी तेवढीच गोष्ट उचलली. पोकळीतले प्रयोग, नळीच्या तोंडाचा अभ्यास, ६३ टक्के, हे सगळं राहिलं बाजूला. वुस्टरचा प्रोफेसर चंद्रावर रॉकेट सोडणार, ही हेडलाइन देशभर झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर ६९ पानांच्या पेपरमधला एक स्क्रीनशॉट व्हायरल झाला. मला चंद्रावर पाठवा म्हणून लोकांची पत्रं येऊ लागली.

१३ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क टाइम्सने संपादकीय मजकूर छापला. हवेच्या बाहेर रॉकेटला रेटा द्यायला काही उरणारच नाही, आणि शाळेत रोज शिकवलं जाणारं एवढं साधं ज्ञान या प्राध्यापकाला दिसत नाही, असा त्याचा रोख होता.

लिहिणाऱ्याने नियम स्वतःच उलटा समजून घेतला होता. आणि ज्याच्यावर तो हे लिहीत होता, त्या माणसाने तो नियम पोरवयात ओढ्याच्या पाण्यात आणि मोठेपणी पोकळीच्या नळीत तपासून पाहिला होता.

गोडार्डनी पेपरवाल्यांना खुलासे दिले, पण टिंगल थांबली नाही. त्याच महिन्यात आईही गेली. तेव्हापासून हा मुळातच अबोल माणूस आणखी मिटत गेला. आपलं काम होता होईल तो कुणाला दाखवायचं नाही, ही सवय लागली ती लागलीच.

शेतातले अडीच सेकंद

दारूचं रॉकेट एकदा पेटलं की थांबवता येत नाही, जोर कमी-जास्त करता येत नाही, आणि वजनाच्या मानाने त्यात ऊर्जाही कमी. गोडार्डना पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन वापरायचा होता. रॉकेट जळायला लागणारा ऑक्सिजन सोबत घेऊनच जातं, म्हणून तर ते पोकळीत पेटू शकतं.

पण द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो. त्याच्या थंडीने झडपा आखडतात, आणि तिथून हातभर अंतरावर इंजिनात धातू वितळेल एवढी उष्णता असते. हे दोन्ही एका चौकटीत बसवायचं होतं, आणि कशाचेही तयार भाग बाजारात मिळत नव्हते.

१९२४ मध्ये गोडार्डनी एस्थर किस्क यांच्याशी लग्न केलं. त्या क्लार्क विद्यापीठाच्या कार्यालयात सचिव होत्या. पुढे प्रयोगांचे फोटो काढणं, फिल्म घेणं, नोंदी टाइप करणं, रॉकेट पडल्यावर लागलेल्या आगी विझवायला मदत करणं, सगळ्यात त्या होत्या.

१६ मार्च १९२६. ऑबर्न गावातलं एफी वॉर्ड या लांबच्या नातेवाईक बाईंचं शेत. जमिनीवर बर्फ होता. हजर माणसं चारच: गोडार्ड, एस्थर, मिस्त्री हेन्री सॅक्स आणि विद्यापीठातले सहकारी पर्सी रूप. रॉकेट म्हणजे बारीक नळ्यांची चौकट. गंमत म्हणजे त्यात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढलं तर रॉकेट सरळ राहील असं गोडार्डना वाटत होतं. तसं होत नाही हे पुढे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी इंजिन खाली आणलं.

सॅक्स यांनी लांब काठीला बांधलेल्या ज्योतीने रॉकेट पेटवलं. ते लगेच हललं नाही, कारण वजन जास्त होतं. जरा इंधन जळल्यावर ते सुटलं, वर गेलं, वळलं आणि गोठलेल्या कोबीच्या वाफ्यात जाऊन पडलं.

उड्डाण चाललं अडीच सेकंद. उंची ४१ फूट, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढी. अंतर १८४ फूट. एस्थर यांच्या हातातल्या कॅमेऱ्याची चावी रॉकेट उडण्याआधीच संपली, त्यामुळे द्रव इंधनाच्या जगातल्या पहिल्या उड्डाणाची फिल्मच नाही.

त्याहून मोठी गंमत म्हणजे गोडार्डनी याचा गाजावाजा केलाच नाही. स्मिथसोनियनला कळवलं आणि गप्प बसले. जगासमोर त्यांनी या उड्डाणाचा सविस्तर अहवाल मांडला तो थेट १९३६ मध्ये, १० वर्षांनी.

आधी पोलीस आले, मग लिंडबर्ग

१७ जुलै १९२९ ला त्यांनी त्याच शेतातून आणखी एक रॉकेट सोडलं. यात हवेचा दाब मोजायचं यंत्र, तापमापक आणि कॅमेरा होता. रॉकेटने उपकरणं वर नेण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पण आवाज एवढा झाला की विमान कोसळलं असं समजून पोलीस आणि रुग्णवाहिका धावत आल्या. मागोमाग पत्रकार. एका पेपरने चंद्राचं रॉकेट किती मैलांनी चुकलं याचा हिशेब छापला. मग अग्निशमन अधिकाऱ्यांनी राज्यात असले प्रयोग बंद करायला सांगितले.

या बोंबाबोंबीचा एक फायदा झाला. बातमी चार्ल्स लिंडबर्ग यांच्यापर्यंत गेली. एकट्याने न थांबता विमानातून अटलांटिक ओलांडणारा हा वैमानिक त्या वेळी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये लिंडबर्ग गोडार्डना भेटायला आले. त्यांच्या शब्दावर उद्योगपती डॅनियल गुगेनहाइम यांनी चार वर्षांत एक लाख डॉलर द्यायची तयारी दाखवली. तेव्हा आर्थिक मंदी सुरू झाली होती, म्हणजे ही रक्कम केवढी मोठी होती याचा अंदाज येईल.

१९३० मध्ये गोडार्ड दांपत्य न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेलं. पुढे उडत्या तबकड्यांच्या गोष्टींनी गाजलं, तेच हे रॉसवेल. मोकळं माळरान, कोरडी हवा, आणि शेजारी जवळपास कुणी नाही. क्षयाने पोखरलेल्या फुफ्फुसांनाही ते मानवलं.

तिथे खरी प्रगती झाली. सरळ उडण्यासाठी त्यांनी गायरोस्कोप बसवला, म्हणजे वेगाने फिरणारी आणि आपली दिशा न सोडणारी चकती. रॉकेट कललं की हा गायरोस्कोप इंजिनाच्या झोतातल्या पात्या वळवायचा आणि रॉकेट सरळ करायचा. २८ मार्च १९३५ ला असं एक रॉकेट ४,८०० फूट उंच गेलं आणि १३,००० फूट लांब. पंप, इंजिन थंड ठेवण्याच्या पद्धती, उतरताना पॅराशूट, अशा एकेका प्रश्नावर वर्षं गेली. १९३७ मध्ये त्यांचं सर्वांत उंच उड्डाण झालं, ८,००० ते ९,००० फुटांच्या दरम्यान. १९२६ ते १९४१ या काळात त्यांची एकूण ३४ रॉकेट उडाली.

अपयशं मोजली तर यादी लांबच होईल. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये लिंडबर्ग आणि हॅरी गुगेनहाइम खास उड्डाण बघायला आले, आणि नेमकं त्यांच्यासमोर रॉकेट उडालंच नाही.

कुलूप लावलेलं ज्ञान

इथे गोडार्डची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातून फ्रँक मलिना नावाचा तरुण संशोधक रॉसवेलला आला. त्याचा गट रॉकेटवर काम करत होता आणि पुढे त्यातूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. गोडार्डनी त्याचं आगतस्वागत केलं, पण कामाचं महत्त्वाचं काही दाखवलं नाही. त्या गटाचे मार्गदर्शक थिओडोर फॉन कार्मान यांनी नंतर गोडार्डच्या या एकांड्या स्वभावावर टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जे ज्ञान दुसऱ्यांपर्यंत पोहोचलंच नाही, त्यावर पुढची इमारत कशी उभी राहणार?

या टीकेत तथ्य आहे. १९२२ मध्ये हर्मन ओबेर्थ यांनी जर्मनीतून पत्र लिहून गोडार्डचा अहवाल मागवला, गोडार्डनी तो पाठवलाही. पुढच्याच वर्षी ओबेर्थ यांचं रॉकेटवरचं पुस्तक आलं आणि गोडार्डना वाटलं, आपलं श्रेय जाणार. मग दार आणखी घट्ट बंद झालं. रॉकेट हे डझनभर विषयांचं काम आहे. मोजक्या मिस्त्रींच्या जोरावर एका माणसाने ते सगळं करायचं म्हटलं की एकेका झडपेवर महिने जातात.

पण नुसता स्वभावाला दोष देऊनही चालणार नाही. ज्याने एकदा मन मोकळं करून लिहिलं आणि देशभर हसं करून घेतलं, तो दुसऱ्यांदा तसं करायला कचरतोच. आणि सरकारलाही तेव्हा रस नव्हता. मे १९४० मध्ये गोडार्डनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर लांब पल्ल्याच्या रॉकेटची शक्यता मांडली. लष्कराला मात्र जुन्या तोफाच भरवशाच्या वाटल्या.

तिकडे जर्मनीत नाझी राजवटीने पैसा आणि माणसं ओतली होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये पेनेम्युंडे इथून व्ही-२ रॉकेट यशस्वी उडालं. उंची १४ मीटर, वजन साडेबारा टन, पल्ला सुमारे ३२० किलोमीटर. सप्टेंबर १९४४ पासून ही रॉकेट लंडनवर पडू लागली. त्यांच्यामुळे हजारो माणसं मेली, आणि ती बनवताना छळछावणीतल्या कैद्यांचे जे हाल झाले त्यात आणखी हजारोंचा जीव गेला.

तेव्हा गोडार्ड अॅनापोलिसमध्ये नौदलासाठी काम करत होते. जड विमानांना उडताना जोर देणारी रॉकेट बनवायची, हे ते काम. १९४५ मध्ये हाती लागलेल्या व्ही-२ चे भाग त्यांनी पाहिले. पंप, गायरोस्कोप, झोतातल्या पात्या, सगळं ओळखीचं. आपलंच काम चोरलं गेलं, अशी त्यांची खात्री झाली. इतिहासाच्या अभ्यासकांचं मत मात्र बहुतेक असं आहे की जर्मन इंजिनिअर स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचले होते. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी सारखी उत्तरं सापडली. त्यातल्या एका ठिकाणी एक आजारी प्राध्यापक होता आणि दुसऱ्या ठिकाणी अख्खं सरकार.

एस्थर यांनी पूर्ण केलेलं काम

१९४५ मध्ये गोडार्डना घशाचा कॅन्सर असल्याचं निघालं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. आयुष्यभर कमी बोललेला माणूस शेवटच्या दिवसांत कागदावर लिहूनच बोलत होता. १० ऑगस्ट १९४५ ला बाल्टिमोरमध्ये ते गेले. वय ६२. आदल्याच दिवशी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला होता. त्या धामधुमीत ही बातमी कितीशी कुणाच्या लक्षात राहणार?

पण एस्थर होत्या. त्यांनी नवऱ्याच्या वह्या, आराखडे, फोटो बारकाईने लावले आणि राहिलेल्या कल्पनांचे पेटंट अर्ज पुढे नेले. गोडार्डच्या नावावर एकूण २१४ पेटंट आहेत. त्यातली १३१ त्यांच्या मृत्यूनंतर मिळालेली.

मग रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या रॉकेटवाल्याची आठवण झाली. १९५९ मध्ये नासाने मेरीलँडमधल्या अवकाश केंद्राला गोडार्डचं नाव दिलं. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने पेटंटच्या वापरापोटी एस्थर आणि गुगेनहाइम फाउंडेशनला १० लाख डॉलर दिले. ज्या कामाला सरकारने कधी धड पैसे दिले नाहीत, त्याशिवाय आता सरकारचं रॉकेट हलत नव्हतं.

अपोलो ११ मधल्या तिघांपैकी एक होते बझ ऑल्ड्रिन. त्यांचे वडील क्लार्क विद्यापीठात गोडार्डचे विद्यार्थी होते. गोडार्डचं एक चिमुकलं आत्मचरित्र बझ यांनी सोबत नेलं होतं. चंद्रावर लखलखाट करायची पावडर कधी गेलीच नाही, तिच्या जागी हे पुस्तक त्या प्रवासाला गेलं.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्सची दुरुस्ती आली. तेव्हा एस्थर हयात होत्या.